डोळे मिटू न देणारी भीती

मंडळी, नमस्कार. गेली सत्तावीस वर्षं मी नाटकांची प्रकाशयोजना करते. स्पर्धेच्या एकांकिकांपासून सुरुवात केली, पुढे व्यावसायिक नाटकं आली. सिनेमाचा अभ्यास मी कुठे जाऊन केलेला नाही. तरीही आज सिनेमावर बोलायला उभी आहे, कारण दिव्यांबद्दल मला सगळ्यात जास्त ज्यांनी शिकवलं ती तीन माणसं इटलीत भुताखेतांचे चित्रपट करत होती. मारिओ बावा, दारिओ अर्जेन्तो आणि लुचिओ फुल्ची. त्यातल्या पहिल्या दोघांविषयी मी जास्त बोलणार आहे.

मागे एका कार्यशाळेत मी मुलांना बावा यांच्या चित्रपटातला एक तुकडा दाखवला. तो संपल्यावर एका मुलीने विचारलं, "ताई, तो हिरवा उजेड येतो कुठून?" प्रश्न अगदी बरोबर होता. खोलीत हिरवा दिवा नाही. रस्त्यावर असण्याचीही शक्यता नाही, कारण गोष्ट जुन्या काळातल्या लंडनमध्ये घडते. तरी खिडकीतून हिरवा उजेड येतो, जातो, मग जांभळा येतो, पुन्हा हिरवा. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दोन वाक्यांत दिलं होतं आणि ते मला पुरेसं वाटलं नाही. आज सविस्तर देते.

तो चित्रपट १९६३ सालचा, 'इ त्रे व्होल्ती देल्ला पाऊरा', म्हणजे भीतीचे तीन चेहरे. इंग्रजीत तो 'ब्लॅक सॅबथ' या नावाने गेला आणि बर्मिंगहॅमच्या एका बँडने आपलं नाव त्याच्यावरून घेतलं. त्यात तीन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि मी दाखवली ती 'पाण्याचा थेंब'. मृतात्म्यांना बोलावणारी एक म्हातारी प्लँचेटला बसलेली असतानाच मरते. तिच्या प्रेताला कपडे चढवायला रात्री एका परिचारिकेला बोलावून आणतात. परिचारिका खोलीत एकटी आहे. म्हातारीच्या बोटात अंगठी आहे. ही अंगठी ओढून काढते. एवढंच पाप. तेवढ्यात प्रेताच्या बोटावर एक माशी येऊन बसते, पेल्यातलं पाणी सांडून थेंब थेंब गळायला लागतं, आणि मिटलेले डोळे उघडे दिसतात.

नंतर ती घरी येते. माशी घरी आलेली असते. थेंबाचा आवाजही आलेला असतो. आधी न्हाणीघरातून, मग दुसरीकडून, मग तिसरीकडून. आपल्या घरात रात्री नळ ठिबकत असला की झोप कशी उडते हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. उठून नळ घट्ट करतो, अंथरुणावर पडतो, आणि कान पुन्हा तिकडेच लागतात. बावा यांनी भीती तिथून उचलली आहे. ती बाई एकेक नळ बंद करत घरभर फिरते आणि प्रत्येक खोलीत उजेड बदलत राहतो. मग अंधारातून म्हातारीचा तो चेहरा पुढे येतो, वटारलेले डोळे आणि ओठ मागे ओढलेले. तो चेहरा मेणाचा आहे हे कळतं. लपवायचा प्रयत्नही केलेला नाही. तो बावा यांच्या वडिलांनी, एउजेनिओ बावा यांनी घडवला होता. आणि मेणाचा आहे हे कळूनही माझ्या अंगावर आजही काटा येतो.

आता हिरव्या उजेडाकडे येते. नाटकात आम्ही दिव्यापुढे रंगीत कागद लावतो, त्याला सगळे जिलेटिन म्हणतात. आईचं भूत आलं की निळं जिलेटिन, राजवाड्याला अंबर. प्रेक्षकांतून एकही माणूस उठून विचारत नाही की या राजवाड्यात अंबर रंगाचा कंदील कुठे टांगलाय. रंगमंचावर उजेडाला कारण लागत नाही, उजेड मनाचं सांगतो हे प्रेक्षकाने आधीच कबूल केलेलं असतं. सिनेमाच्या बाबतीत मात्र आपण सगळे हिशेबी होतो. खिडकी कुठे, दिवा कुठे, सावली कुठल्या बाजूला. बावा यांनी तो हिशेब मोडला. त्यांची खोली त्या बाईच्या छातीतल्या धडधडीबरोबर उजळते आणि विझते. ऑपेरा ज्या देशात जन्मला, जिथे माणूस मरता मरता दहा मिनिटं गातो आणि थिएटरभर लोक रडतात, त्या देशाला हे जड जाणार नव्हतं.

बावा हा माणूस मुळात कारागीर. जन्म १९१४चा, सान रेमोचा. वडील शिल्पकार होते आणि मूकपटांच्या काळात छायाचित्रण आणि ट्रिकसीन करायचे. मुलाला चित्रकार व्हायचं होतं, पण तो वडिलांच्याच वाटेने कॅमेऱ्यामागे गेला आणि दिग्दर्शक म्हणून नाव लागेपर्यंत पंचेचाळिशी उलटली. त्याआधी १९५७मध्ये रिक्कार्दो फ्रेदा यांचा 'इ व्हाम्पिरी' आला. बोलपटांच्या जमान्यातला इटलीचा पहिला भयपट तो. फ्रेदा निर्मात्यांशी बिनसल्यावर मध्येच निघून गेले आणि कॅमेरामन बावा यांनी तो पुरा केला. त्यात एक तरुण सुंदर सरदारीण एकाच शॉटमध्ये, कॅमेरा न थांबता, आपल्या डोळ्यांदेखत म्हातारी होते.

हे कसं केलं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चित्रपट कृष्णधवल आहे. त्या फिल्मला रंग कळत नाहीत, फक्त उजळ आणि काळं कळतं. नटीच्या चेहऱ्यावर लाल रंगाने सुरकुत्या काढायच्या. समोर लाल काच धरली की लाल रेघाही त्वचेइतक्याच उजळ होतात आणि सुरकुत्या दिसतच नाहीत. मग ती काच हळूहळू सरकवायची आणि तिच्या जागी हिरवी आणायची. लाल रंगाला आता परतवायला लाल उजेडच मिळत नाही, म्हणून त्या रेघा काळ्या पडायला लागतात. गाल खप्पड होतात, डोळ्यांखाली खड्डे येतात. नटी जागची हललेलीसुद्धा नसते. हॉलिवूडने ही युक्ती १९३१मध्येच वापरली होती, बावा यांनी शोधून काढलेली नाही. पण इतक्या मायेने ती वापरलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. एका सुट्टीच्या दिवशी रिकाम्या नाट्यगृहात मी स्वतः हा प्रयोग केला. भाचीला स्टुलावर बसवलं, कुंकवाच्या पेन्सिलीने कपाळावर रेघा काढल्या, दोन स्पॉट लावले, एकाला लाल जिलेटिन आणि एकाला हिरवं, आणि डिमर उलटसुलट फिरवला. नाटकात डोळ्यांना रंग दिसतातच, त्यामुळे परिणाम अर्धाच झाला. पण फोनवर कृष्णधवल करून तो व्हिडिओ पाहिला आणि माझी अकरा वर्षांची भाची स्वतःचा चेहरा पाहून रडायला लागली. तिला कुशीत घेऊन मी बराच वेळ बसले होते.

१९६०मध्ये बावा यांनी स्वतःच्या नावावर पहिला चित्रपट केला, 'ला मास्केरा देल देमोनिओ', सैतानाचा मुखवटा. निकोलाय गोगोल यांच्या 'व्ही' या कथेचा त्याला दूरचा आधार आहे. सुरुवातीला एका चेटकिणीला खांबाला बांधलेलं आहे. तिच्या चेहऱ्यावर चढवायचा मुखवटा आणतात. आपण आधी तो बाहेरून बघतो. मग बावा कॅमेरा तिच्या जागी नेतात आणि आतली बाजू दाखवतात. आत खिळे आहेत. तो मुखवटा आपल्या डोळ्यांवर येतो. मग एक जाडजूड माणूस मोठा हातोडा उचलतो.

दोनशे वर्षांनी थडग्यातला तो मुखवटा कुणीतरी काढतं. खाली चेहरा शाबूत, गालावर भोकं, आणि डोळ्यांच्या रिकाम्या खोबणींतून विंचू बाहेर येतात. नंतर त्याच खोबणींत हळूहळू डोळे पुन्हा भरतात. ब्रिटनमध्ये हा चित्रपट १९६८पर्यंत दाखवता येत नव्हता. बार्बरा स्टील या इंग्लिश नटीने त्यात दोन भूमिका केल्या, चेटकीणही तीच आणि तिच्या वंशातली निष्पाप मुलगीही तीच. तिचे डोळे प्रचंड मोठे आहेत. बावा कुठलाही दिवा लावोत, पहिला उजेड त्या डोळ्यांवर पडतो.

इथे मला माझं म्हणणं मांडायचं आहे. इटलीच्या या चित्रपटांत डोळ्यांची एक गोष्ट सतत चालू असते. डोळ्यांवर येणारे खिळे, न मिटणारे प्रेताचे डोळे, अंधाऱ्या खिडकीतून रोखलेले दोन डोळे. १९८७मध्ये अर्जेन्तो यांनी 'ऑपेरा' केला, त्यात तर खुनी नायिकेला बांधून तिच्या पापण्यांखाली सुयांची रांग चिकटवतो. डोळे मिटले तर सुया टोचणार. समोर खून चाललाय आणि तिला बघावंच लागतं. त्या चित्रपटात भूत नाही, पण भुताच्या सगळ्या इटालियन चित्रपटांचं वर्म मला त्या एका चित्रात दिसतं. भीती वाटली की आपण डोळे मिटतो. लहानपणी चादर तोंडावर ओढतो. नेहमीचा भयपट एवढ्यावरच चालतो, एकदम काहीतरी अंगावर आणतो आणि आपण डोळे झाकतो. या लोकांनी भीतीला इतकं देखणं केलं की डोळे मिटवतच नाहीत. तो लाल, तो निळा, ती नक्षीदार काच, हे सगळं बघायचा मोह सुटत नाही, आणि बघत राहिलो म्हणून अडकतो. सौंदर्य तिथे वरून पसरलेलं नाही. गळाला लावलेलं आमिष आहे ते.

बावा यांचं आणखी एक काम थोडक्यात. १९६६चा 'ऑपेरात्सिओने पाऊरा'. रोमच्या उत्तरेला टेकडीच्या टोकावर काल्काता नावाचं जुनं गाव आहे, तिथे तो बराचसा चित्रित केला. त्यातलं भूत म्हणजे पांढऱ्या झग्यातली एक लहान मुलगी आणि तिचा चेंडू. चेंडू टप्पे खात येतो आणि कुणीतरी मरतं. ती भूमिका खरं तर एका मुलाने केली होती, म्हणून त्या चेहऱ्यात कुठेतरी बिनसलेलं वाटतं आणि कारण सापडत नाही. दोन वर्षांनी इटलीचेच नामवंत दिग्दर्शक फेलिनी यांनी त्यांच्या एका लघुपटात सैतान म्हणून चेंडूवाली मुलगीच आणली. बावा यांच्या याच चित्रपटात एक डॉक्टर वाड्यातून एका माणसाच्या मागे धावतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दार ओलांडलं की पुन्हा तीच खोली, पुढे तोच माणूस. अंतर कमी होत जातं. शेवटी तो त्याला खांद्याला धरून वळवतो, तर समोर तो स्वतःच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण मी शंभर वेळा वापरली असेल. तिचा चेहरा मी या चित्रपटात पाहिला.

मध्ये एक गोष्ट सांगून टाकते, कारण पुढे ती उपयोगी पडेल. त्या काळात इटलीत सेटवर आवाज मुद्रित करत नसत, सगळं नंतर डबिंगमध्ये. त्यामुळे एकाच दृश्यात एक नट इंग्रजीत बोलतोय, दुसरा इटालियनमध्ये, तिसरा जर्मनमध्ये, असं चालायचं. चित्रपट बाहेरदेशी विकायचे म्हणून दिग्दर्शकही इंग्रजी नावं घ्यायचे. फ्रेदा झाले रॉबर्ट हॅम्प्टन, आणि बावा यांनी एकदा जॉन एम. ओल्ड असं नाव लावलं. फ्रेदा सांगत, 'इ व्हाम्पिरी'च्या पोस्टरपाशी लोक थांबायचे, दिग्दर्शकाचं इटालियन नाव वाचायचे आणि निघून जायचे. आपल्या माणसाला भूत काय दाखवता येणार! डबिंगमुळे ओठ आणि आवाज यांच्यात सतत एक बारीक फट राहते. पुष्कळ जण तिला दोष मानतात. मला ती फट हवीहवीशी वाटते. आवाज शरीरातून येत नसेल तर तो कुठून येतो हा प्रश्न मनाच्या तळाशी चालू राहतो.

आता अर्जेन्तो यांचा 'सुस्पिरिया'. पहिल्यांदा मी तो एका भाड्याच्या कॅसेटवर पाहिला. कॅसेटची कॉपीची कॉपी झालेली, सगळं तपकिरी, लाल रंग म्हणजे विटकरीचा चुरा. मला काही कळलं नाही. वाईट नटलेल्या मुली, खुळचट संवाद, गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. मी त्याबद्दल चारचौघांत बरंच वाईट बोलले. चित्रपट निघाल्यावर चाळीस वर्षांनी, २०१७ साली, त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत आली आणि ती मला मोठ्या पडद्यावर बघायला मिळाली. मी तिसऱ्या रांगेत होते. दहाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले आहे. इतकी वर्षं मी या माणसांवर अन्याय केला होता. म्हणून आज ज्यांनी तो फोनवर पाहिला असेल त्यांना माझी विनंती आहे की त्या पाहण्यावरून मत करू नका.

पहिलं दृश्य घ्या. अमेरिकेची सूझी बॅनियन जर्मनीत नृत्य शिकायला आली आहे. विमानतळाच्या बाहेरच्या दाराकडे चालते आहे. रात्र, बाहेर वादळ. आत विमानतळाचा साधा गजबजाट. आपोआप उघडणारं दार पुढे कुणासाठी तरी उघडतं, आणि दार उघडं आहे तेवढा वेळच संगीत ऐकू येतं, घंटेसारखं, अंगाईसारखं. दार मिटतं, संगीत बंद. पुन्हा आत फक्त विमानतळ. पुन्हा दार उघडतं, पुन्हा ते सूर. संगीत पार्श्वभूमीला नाहीच, ते बाहेर आहे, पावसात उभं राहून तिची वाट बघतंय. मग ती दारातून बाहेर पाऊल टाकते, आणि अर्जेन्तो क्षणभर दाराच्या यंत्राचा, त्या सरकणाऱ्या दांड्याचा अगदी जवळून शॉट लावतात. लोखंडाचा तुकडा फक्त. कथेत काहीही घडलेलं नाही, आणि मुलगी दुसऱ्या जगात गेली आहे.

पुढे टॅक्सी नृत्यशाळेच्या दारात पोचते. आतून एक घाबरलेली मुलगी बाहेर येते, मागे वळून काहीतरी ओरडते आणि पावसात पळून जाते. पावसाने तिचे शब्द अर्धे खाल्ले आहेत. सूझीला दोनच नीट कळतात, 'गुपित' आणि 'आयरिस'. साऱ्या चित्रपटाची किल्ली त्या दोन शब्दांत आहे, कारण शेवटी भिंतीवरच्या निळ्या आयरिसच्या फुलाला फिरवलं की चोरदार उघडतं. ज्याला गोष्ट नाही म्हणून मी हिणवलं होतं, त्याने गोष्ट पहिल्या काही मिनिटांत पावसात लपवून ठेवली होती. कॅसेटवर मला ती ऐकूच आली नव्हती.

अर्जेन्तो यांचा जन्म १९४०चा, रोमचा. वडील साल्व्हातोरे निर्माते, आई एल्दा लुक्सार्दो छायाचित्रकार. ते आधी वृत्तपत्रात चित्रपट समीक्षा लिहीत, मग सर्जिओ लेओने यांच्या एका मोठ्या वेस्टर्नच्या कथेवर त्यांनी बर्नार्दो बेर्तोलुच्ची यांच्याबरोबर काम केलं, आणि १९७०पासून खुनाच्या रहस्यपटांचे दिग्दर्शक म्हणून गाजले. अशा रहस्यपटांना इटलीत 'जाल्लो' म्हणतात, म्हणजे पिवळा, कारण मोंदादोरी प्रकाशनाच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं १९२९पासून पिवळी असत. 'सुस्पिरिया' १९७७चा. त्याच्या कल्पनेत एक धागा इंग्रज लेखक थॉमस डी क्विन्सी यांचा. त्यांनी १८४५मध्ये दुःखाच्या तीन बहिणींविषयी लिहिलं होतं, एक अश्रूंची, एक उसाशांची, एक अंधाराची. दुसरा धागा सहलेखिका दारिया निकोलोदी यांचा. आजी लहानपणी जिथे पियानो शिकायला गेली तिथे काळी जादू शिकवत होते, ही आजीने सांगितलेली गोष्ट आपण त्यात घातली, असं त्या सांगत.

आजीची गोष्ट हे लक्षात ठेवलं की चित्रपट उलगडतो. अर्जेन्तो यांना नृत्यशाळेत लहान मुली हव्या होत्या, दहा-बारा वर्षांच्या. इतक्या क्रूर गोष्टीत मुली घ्यायला निर्माते असलेल्या वडिलांनी नकार दिला. मग मोठ्या मुली घेतल्या, पण संवाद पुष्कळसे तसेच ठेवले, म्हणून त्या एकमेकींना जिभा काढून वेडावतात. आणि दारांच्या मुठी नेहमीपेक्षा वर बसवल्या. सूझी दार उघडायला हात वर करते आणि आपल्याला नकळत ती आठ वर्षांची दिसते. ही मूठ मला पुन्हा पुन्हा आठवते. नेपथ्यकाराने सुतारापाशी उभं राहून वीतभर वर बोट दाखवलं असेल, बस्स. मोठ्या माणसाला लहान करायला अभिनय लागला नाही, वीतभर अंतर लागलं.

आता लाल रंगाकडे. छायाचित्रकार लुचियानो तोवोली. त्यांच्यापुढे आदर्श होता डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'चा. त्यांनी दिव्यांपुढे रंगीत मखमल आणि पातळ कागद ताणून चौकटी उभ्या केल्या आणि त्या नटांच्या अगदी जवळ आणल्या, म्हणून रंग भिंतीवर पसरत नाही, थेट कातडीत मुरतो. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये 'देवमाशाचं घर' नावाची जुनी लाल इमारत आहे, तिथे विद्वान इरॅस्मस काही काळ राहिले होते. नृत्यशाळा म्हणून तिचाच दर्शनी भाग अर्जेन्तो यांच्या मंडळींनी रोमच्या स्टुडिओत उभा केला.

आणि मग छपाई. टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीत चित्राचे तीन रंग वेगळे करून जिलेटिनचे तीन उठावदार ठसे बनवत. एकेक ठसा आपापल्या रंगात बुडवायचा आणि कोऱ्या फिल्मवर दाबायचा, कापडावर ठशाने नक्षी छापावी तसं. अमेरिकेत हे खर्चिक काम तोवर बंद पडलं होतं, रोमच्या कारखान्यात अजून चालू होतं. अर्जेन्तो आणि तोवोली यांनी शेवटच्या दिवसांत ते गाठलं. त्या काळातल्या साध्या रंगीत प्रती गुलाबी पडत पडत फिकट झाल्या, ठशाचे रंग तसे विटत नाहीत. मी आयुष्यभर जिलेटिन कापत आले, आणि हा लाल रंगही जिलेटिनमधूनच आला आहे हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

संगीत गॉब्लिन या रोमच्या बँडचं. चित्रीकरणाच्या आधीच ते बरंचसं तयार केलं आणि सेटवर मोठ्याने लावलं, नट त्या आवाजात वावरले. त्यात मूग नावाचा सिंथेसायझर आहे, ग्रीकांचं बुझुकी हे तंतुवाद्य आहे, कुजबुज आहे आणि आपला तबला आहे. पुढच्या वेळी ऐकताना त्याकडे कान द्या. बोल ओळखीचे वाटत नाहीत, ठेका चुकतोय की काय असं वाटत राहतं, आणि आपल्याच घरातली वस्तू परक्या घरात अंधारात हाताला लागावी तसं होतं.

माझं या चित्रपटांवर प्रेम आहे, म्हणून त्यांचं जे खटकतं तेही बोलायला हवं. बायकांचे खून हे लोक फार निगुतीने करतात. 'सुस्पिरिया'तला पहिला खून, रंगीत काचेच्या छतातून कोसळणारी ती मुलगी, त्याची रचना अप्रतिम आहे आणि तो मला नको इतका लांब वाटतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पण हेही खरं की नृत्यशाळेच्या त्या वाड्यातल्या सगळ्या मोठ्या ताकदी बायकांच्या हातात आहेत, पुरुष एकतर नोकर किंवा बळी, आणि सूझीला वाचवायला कुणी राजपुत्र येत नाही. ती एकटी चोरदारातून आत जाते, करायचं ते करते, आणि मागे वाडा जळत असताना पावसात बाहेर येऊन हसते. त्या हसण्यासाठी मी पुष्कळ माफ करते. २०१८मध्ये लुका ग्वादानिनो यांनी हीच गोष्ट नव्याने केली, बर्लिनमध्ये, मळकट करड्या रंगांत. विचारी चित्रपट आहे. मला तो आवडला, पण त्यात मला डोळे मिटता आले.

फुल्ची यांच्याविषयी थोडं. ते बावा आणि अर्जेन्तो यांच्याइतके नीटस नाहीत. रक्त फार, रबर दिसतं, आणि डोळ्यांना तर ते अक्षरशः इजा करतात. १९७९च्या 'झोंबी २'मधली ती लाकडाची ढलपी मी अजून नीट बघू शकत नाही. पण १९८१च्या 'लाल्दिला', म्हणजे पलीकडचं, याचा शेवट बघा. लुइझियानातल्या एका जुन्या हॉटेलखाली नरकाचं एक दार आहे. शेवटी नायक-नायिका इस्पितळात जिना उतरतात आणि हॉटेलच्या तळघरात पोचतात. तिथून पुढे पाऊल टाकतात तर करडं धुळकट मैदान, क्षितिजापर्यंत, आणि धुळीत पडलेली माणसं. चित्रपटाच्या सुरुवातीला एक चित्रकार जे चित्र काढत होता, तेच हे मैदान. मागे वळतात, मागेही तेच. कुठेही बघा, तेच. आणि त्यांच्या डोळ्यांतला रंग जाऊन ते पांढरे होतात. इथे किंकाळी नाही, राक्षस नाही. बघायलाच काही उरलेलं नाही.

शेवटी अर्जेन्तो यांचा 'इन्फेर्नो', १९८०चा, तीन बहिणींच्या गोष्टीचा दुसरा भाग. न्यूयॉर्कच्या एका इमारतीच्या तळघरात रोझ नावाच्या तरुणीच्या किल्ल्या जमिनीतल्या पाण्याने भरलेल्या भोकात पडतात. ती हात घालून बघते, मग स्वतःच आत उतरते. खाली एक अख्खा दिवाणखाना आहे, पाण्याखाली बुडालेला. झुंबर आहे, गालिचा आहे, भिंतीवर तसबीर आहे. ती त्या निळ्या पाण्यात पोहत किल्ल्या शोधते, आणि कोपऱ्यातून काहीतरी तरंगत तिच्याकडे यायला लागतं. कारण विचाराल तर काही नाही. न्यूयॉर्कच्या जमिनीखाली दिवाणखाना का असावा?

या चित्रपटाच्या ट्रिकसीनना मदत करायला अर्जेन्तो यांनी मारिओ बावा यांना बोलावलं होतं. बावा तेव्हा पासष्टचे होते, मोठं काम मिळत नव्हतं. मुलगा लाम्बेर्तो त्याच चित्रपटावर सहायक होता. खिडकीबाहेर रात्रीचं न्यूयॉर्क दिसायला हवं होतं. बावा यांनी दुधाचे रिकामे खोके घेतले, त्यांच्यावर इमारतींचे फोटो चिकटवले आणि टेबलावर ते एकामागे एक उभे केले. पडद्यावर ते शहर दिसतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते गेले.

आता तो पाण्याखालचा प्रसंग आणि त्या खोक्यांचं शहर, दोन्ही दाखवते. मागच्या मंडळींनी पुढे येऊन बसावं, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. आणि तो बाहेरच्या व्हरांड्यातला दिवा कुणीतरी घालवा, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात त्याचा उजेड येतोय.